ॲडमिरलचा जावई

फाल्मथ, कॉर्नवॉल
२४ सप्टेंबर १९३९

प्रिय टॅमसिन,

नाताळ अजून लांब आहे आणि तुझा वाढदिवस होऊन गेला, तरी मी लिहिते आहे. पत्रात तुझ्या बापाचं नाव काढायचं नाही, ही अट तू कॅनडात हॅलिफॅक्सला गेलीस तेव्हा घातली होतीस. मी ती आजवर पाळली. आज मोडते. रागावलीस तर रागाव, पण पत्र पूर्ण वाच.

लायनेल पुन्हा समुद्रावर गेला आहे.

युद्ध सुरू झाल्याचं रेडिओवर सांगितलं त्याच दिवशी त्याने नौदलाच्या कचेरीला लिहिलं. उत्तर आलं ते अगदी अदबीचं होतं. म्हातारे ॲडमिरल त्यांच्याकडे पुष्कळ पडले आहेत. मात्र व्यापारी बोटींचे तांडे समुद्रापार न्यायचे आहेत, त्यांना म्होरके हवेत. त्यासाठी ॲडमिरलची पट्टी उतरवून कमोडोरची लावावी लागेल, मुक्काम एखाद्या माल वाहणाऱ्या बोटीवर राहील, आणि सोबतीला ज्या लढाऊ बोटी असतील त्यांच्या अधिकाऱ्याचं ऐकावं लागेल. तो अधिकारी बहुधा तुझ्या वयाचा असेल.

मला वाटलं, कागद चुलीत जाईल. पण तो स्वयंपाकघरात आला, कोट टेबलावर पसरला आणि नखं कापायच्या कात्रीने बाहीवरची पट्टी उसवायला बसला. कापडच कापायला लागला तेव्हा मी कात्री हातातून काढून घेतली.

"लायनेल, तू त्रेसष्ट वर्षांचा आहेस," मी म्हटलं.

"ज्या बोटीवर मला घालतायत ना, ती माझ्याहून म्हातारी दिसते," तो म्हणाला.

तुझ्या डोक्यात आत्ता काय आलं ते मला माहीत आहे. मर्डोला तू पहिल्यांदा घरी आणलंस, त्या दिवशी याच टेबलाशी बसून लायनेल म्हणाला होता, "रोझवॉर्नांच्या घरात कोळसा मागच्या दाराने येतो." व्यापारी बोटीवरचा इंजिनिअर म्हणजे त्याच्या लेखी पाण्यावरचा गाडीवान. आता स्वतःच गाड्या हाकायला निघालाय. मी हसले, आणि त्याला कळलं मी का हसले. त्याचे कान लाल झाले. लहानपणीही त्याचे कानच आधी बोलायचे.

तेराव्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत गेला तेव्हा मी पंधराची होते. पितळी बटणांचा कोट आणि त्याच्या कमरेएवढी पेटी. स्टेशनावर आईने मिठी मारली तेव्हा तो काठीसारखा उभा राहिला, कारण बाकीची पोरं बघत होती. त्यानंतर त्याला कुणी मिठी मारल्याचं मी पाहिलं ते तुझ्या आईनेच, ग्रेसने. आणि ग्रेस गेली तेव्हा तो चीनच्या समुद्रात होता. घरी आला तोवर तिच्या थडग्यावर गवत उगवलं होतं. तो तुझ्या खोलीच्या दारात उभा राहिला होता, तुला आठवत नसेल. जहाज कुठल्याही वाऱ्यात वळवणारा माणूस, पण रडणारी मुलगी उचलायची कशी हे त्याने मला विचारलं. मी दाखवलं. त्याने उचलली, आणि तू त्याच्या मिशा ओढल्यास.

हे मी तुला वळवण्यासाठी लिहीत नाही. तो गेला आणि घर फार शांत आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या लेकीचा, मोरागचा फोटो मिळाला. नाक मर्डोचं आहे, हनुवटी आमची, हट्टी. हनुवटीपासून सांभाळ.

तुझी आत्या,
लव्हडे


फाल्मथ
३० जून १९४०

प्रिय टॅमसिन,

फ्रान्स पडलं आणि आमचं बंदर बोटींनी इतकं भरलं आहे की पलीकडच्या काठावर त्यांच्यावरून चालत जाता येईल. चर्चच्या सभागृहात निर्वासितांसाठी आम्ही बायका दिवसभर पाव कापतो. माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. बेल्जियमहून आलेली एक बाई आमच्या चहाचा पहिला घोट घेतल्यावर रडली. ते घरच्या आठवणीने की चहाने, हे आम्ही विचारलं नाही.

मी अट मोडली म्हणून तू ओरडली नाहीस. मोराग चालायला लागली एवढंच लिहिलंस. मी त्याचा अर्थ परवानगी असा घेते.

लायनेल मध्ये आठवडाभर घरी होता. कुठून आला आणि कुठे चालला ते लिहिलं तर सेन्सॉरची कात्री चालेल, तेव्हा ते राहू दे. बोटीवरच्या गमती मात्र कापण्यासारख्या नाहीत.

पहिल्या बोटीवर तो चढला तेव्हा शिट्टी नाही, सलाम नाही. कॅप्टन लोकरीच्या बंडीत आणि घरातल्या सपातांत उभा होता. म्हणाला, "तुमची खोली ती. दार लागत नाही, पाय लावून झोपा." जेवताना खुर्चीला खुर्ची लावून बोटीचा सुतार बसला आणि त्याने तुझ्या बापाला विचारलं, "आधी कुठे कामाला होतात?"

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, नौदलात. तो म्हणाला, असू दे, इथे शिकाल."

टॅमसिन, तो हे सांगताना हसत होता. आपला लायनेल. घट्ट दुधाच्या डब्यातलं दूध घातलेला चहा पितो आता, चमचा उभा राहील असा. आणि मला म्हणाला, "ही माणसं खाली इंजिनापाशी असतात तेव्हा वर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, लव्हडे. स्फोट झालाच तर शिडी चढायला वेळ मिळेल की नाही तेही ठाऊक नसतं. तरी पाळी आली की खाली उतरतात." एवढं बोलून त्याने पाइप साफ करायला घेतला. मी वाट पाहिली, पण पुढचं वाक्य आलं नाही. मला वाटतं ते वाक्य तुझ्यासाठी होतं.

मर्डो कुठल्या बोटीवर आहे ते मला कळवू नकोस, पण त्याला सांग, लोकरीचे मोजे विणतेय.

तुझी आत्या,
लव्हडे


फाल्मथ
१९ जानेवारी १९४१

प्रिय टॅमसिन,

तू विचारलंस, पुडकं कुणाच्या हाती पाठवलं. केशर घातलेले बनपाव शिळे झाले होते पण मोरागने खाल्ले, आणि विणलेला कोट तिला दोन हिवाळे पुरेल, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या शेजारच्या मिसेस कोमो म्हणतात की एक उंच म्हातारा गृहस्थ समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा होता, मग त्यांच्या दाराशी आला, टोपी काढली, पुडकं दिलं आणि नाव न सांगता निघून गेला. तू लिहितेस, "आत्या, कोण ते मला कळलंय. तू फक्त हो म्हण."

हो.

मी लायनेलला बजावलं होतं, तिच्याच हातात दे. परत आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "योग्य जागी पोचवलं." मी म्हटलं, शेजारणीच्या दारात? तर म्हणाला, तुझ्या घरात दिवा होता, तू खिडकीशी काहीतरी घडी करत होतीस, आणि गात होतीस. "तिला असं मध्येच थांबवायचं माझ्या जिवावर आलं," म्हणाला.

घाबरला, दुसरं काय. मागच्या महायुद्धात, जटलंडच्या लढाईत, लढाऊ क्रूझर घेऊन जर्मनांच्या तोफांसमोर गेला होता हा माणूस. त्याबद्दल राजाने पदक दिलं. तुझ्या दारावर टकटक करण्याबद्दल कुणी पदक ठेवलेलं नाही, म्हणून राहिलं असेल.

मोरागचे मोजे पुढच्या वेळी.

तुझी आत्या,
लव्हडे


ग्रीनॉक, स्कॉटलंड
११ एप्रिल १९४१

माझ्या सोन्या,

तार मिळाली असेलच, पण पुन्हा लिहिते: मर्डो जिवंत आहे. मी आत्ता त्याच्या खाटेशेजारी बसून हे लिहिते आहे आणि तो झोपेत घोरतो आहे. हॉस्पिटल स्वच्छ आहे, नर्स मायेच्या आहेत. दोन्ही पायांची मिळून काही बोटं गेली. हातांना पट्ट्या आहेत, पण हात राहतील. डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी बोटीवर जाता येणार नाही. हे ऐकून तुला आनंद झाला तर त्यात लाज वाटून घेऊ नकोस, मलाही झाला.

हे पत्र टपालाने येणार नाही. मर्डोच्या ओळखीचा एक सुतार तिकडे निघालाय, त्याच्या खिशातून येईल. म्हणून थोडं मोकळं लिहिते. मर्डोची बोट, आर्डनिश, लायनेलच्याच तांड्यात होती. सकाळी पाणबुडीने तिला उडवलं. तांडा पुढे गेला. दुपारी सोबतीच्या बोटींपैकी एक ट्रॉलर, मूळची मासेमारीची बोट, मागे फिरला आणि त्याला तराफा सापडला. तराफ्यावर मर्डो होता, त्यांचा कॅप्टन ओग नव्हता. बाकीचं मर्डोने स्वतः सांगावं, मी तिथे नव्हते.

लायनेल लिव्हरपूलला उतरला, तिथे त्याला कळलं की वाचलेली माणसं ग्रीनॉकला आणली आहेत. कोट न बदलता तो गाडीत बसला. वॉर्डात आला तेव्हा मर्डो जागा होता. दोघांनी एकमेकांना पूर्वी एकदाच पाहिलेलं, आपल्या स्वयंपाकघरात. पुढचं मर्डोच्या तोंडून ऐकलेलं देते.

लायनेल खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा. शेवटी मर्डोच म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्या लग्नाला आला नाहीत. बुडायला मात्र वेळेवर हजर होतात."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला आणि खोकत सुटला. लायनेल बसला. मग म्हणाला, "तुला काही आणू?"

"पायाची बोटं मिळाली तर बघा."

मग लायनेलने नर्सकडून पाण्याचं भांडं आणि वस्तरा मागून घेतला, बाह्या वर केल्या आणि मर्डोची दाढी केली. मर्डोच्या हातांना पट्ट्या होत्या ना. हनुवटीखाली थोडं कापलं, त्याची माफी मागितली. मर्डो म्हणतो, ॲडमिरलने माझी दाढी केली हे इंजिनखोलीत कुणी खरं मानणार नाही, म्हणून ती खूण बरी होऊ नये. दुसऱ्या दिवशी लायनेल परत आला, तिसऱ्या दिवशीही. फारसं बोलत नाहीत दोघं. सकाळचा पेपर वाचून दाखवतो, आणि मर्डो त्याच्या उच्चारांची टिंगल करतो.

मी मर्डोला फाल्मथला घेऊन जाते आहे. तुझ्या माहेरी. बघ, नवरा तुझ्या आधी पोचला.

तुझी आत्या,
लव्हडे


फाल्मथ
१७ ऑगस्ट १९४१

प्रिय टॅमसिन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्या मी इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या आहेत. आर्डनिशचा जो खलाशी हॅलिफॅक्सला परतला, त्याने तुला सांगितलं की बोट बुडत असताना मागून येणाऱ्या बोटीने निशाणं चढवून विचारलं होतं: थांबून माणसं उचलू का? आणि कमोडोरने उत्तर दिलं होतं: नाही, पुढे चला. तू विचारतेस, मर्डो त्या बोटीवर आहे हे बाबांना ठाऊक होतं का.

निशाणांची गोष्ट खरी आहे. तांड्याचा नियमच तो आहे. थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला वाढून ठेवलेलं ताट. हे मर्डोने तुला लिहिलंय, आणि तू मला लिहितेस की मर्डो सगळ्यांना माफ करतो, तोच त्याचा दोष आहे. मान्य. काल माझ्या मांजरीने त्याचा मासा पळवला तर तिचीही बाजू घेत होता.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मी तुझं पत्र लायनेलसमोर ठेवलं. त्याने वाचलं, घडी केली. तुला काय कळवावं याबद्दल मी त्याला एक सुचवलं, ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "तिने मला विचारलंय, तुला नाही. मी तिच्यासमोर उभा राहून सांगेन."

"कधी? पुन्हा शेजारणीच्या दारात?" मी म्हटलं.

तोवर मी तुला दुसरं काही सांगते. ते तू कशाच्याही पारड्यात घालू नकोस, फक्त ऐक.

मर्डो गोदीत बसून करायचं काम करतो, बोटींची यंत्रं दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी काठी टेकत घरी येतो. येतो तो मुद्दाम मागच्या दाराने, आणि आत येताना ओरडतो, "कोळसा आला." पहिल्यांदा असं झालं तेव्हा लायनेल घरी होता. तो उठला, बाहेर गेला, घराला वळसा घालून मर्डोचा दंड धरून त्याला पुढच्या दाराने आत घेऊन आला. मर्डो म्हणाला, "सासरेबुवा, एवढं चालवलंत, आता पाय चेपून द्या." त्या दिवसापासून तो त्याला सासरेबुवा म्हणतो, आणि मला आत्याबाई.

गेल्या रविवारी दोघं वाटाणे सोलत बसले होते. मी मोरीत भांडी घासत होते. लायनेल एकदम बोलायला लागला, आणि काय बोलतोय ते लक्षात आल्यावर मी नळ बंद केला. जटलंडबद्दल बोलत होता. पंचवीस वर्षांत त्याने त्या दिवसाबद्दल घरात एक शब्द काढला नव्हता. तुझ्या आईपाशीही नाही, हे मला तिनेच सांगितलं होतं.

त्यांच्याच आरमारातली एक बोट फुटून बुडाली होती. लायनेलची क्रूझर वेगाने तिकडूनच गेली. पाण्यात माणसं होती. आपल्यालाच वाचवायला आलेत असं त्यांना वाटलं. ती पाण्यातून जयजयकार करत होती, एकाने तर टोपी हलवली. आणि लायनेलला हुकूम होता की रांग सोडायची नाही. "ते ओरडत होते ते आनंदाने," तो म्हणाला. "मी त्यांच्या अंगावरून लाट नेली."

वाटाण्यांचा आवाज थांबला. मग मर्डो म्हणाला, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तुम्हाला सोपं गेलं असतं."

"हो."

"आम्ही मनसोक्त दिल्या, साहेब. मी स्वतः दिल्या, त्या तर आमच्या घरच्या गेलिक भाषेत. तुमच्या कानापर्यंत आल्या नाहीत एवढंच."

मी हात पुसत डोकावले. लायनेल हसत होता, आवाज न करता. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मर्डो शांतपणे त्याच्या भांड्यातले सोललेले वाटाणे आपल्या भांड्यात घेत होता.

टॅमसिन, रागावायचा तुझा हक्क आहे. बोट मर्डोची बुडाली, पण बंदरावर उभं राहून वाट पाहायचं ते तुझ्या वाट्याला आलं. मी तुला राग सोड म्हणणार नाही. एकच मागते. तो आला तर दार उघड. नंतर बंद केलंस तरी चालेल.

तुझी आत्या,
लव्हडे


हॅलिफॅक्स
२२ फेब्रुवारी १९४२

प्रिय आत्या,

हे पत्र तुझ्या हातात आहे, म्हणजे बाबा घरी पोचले. त्यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात ठेवते आहे. उघडायचं नाही असं सांगितलंय, आणि ते उघडणार नाहीत.

ते दुपारी आले. बर्फ पडून गेला होता. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी दार उघडलं. त्यांनी टोपी काढली. किती म्हातारे झालेत, आत्या, तू लिहिलं नाहीस. मी त्यांना आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच विचारलं.

"मर्डो त्या बोटीवर आहे, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," म्हणाले.

तांडा निघायच्या आदल्या दिवशी इथेच सगळ्या कॅप्टनांची बैठक झाली होती. ती संपल्यावर कॅप्टन ओग त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, साहेब, माझा सेकंड इंजिनिअर तुमचा जावई लागतो. बाबा म्हणाले, मग तुमची बोट मागे पडणार नाही. ओगला ते फार आवडलं, म्हणे. वाटेत त्यांनी रोज सकाळी दुर्बिणीतून आधी आर्डनिश आहे का ते पाहिलं, मग बाकीच्या. त्या सकाळीही तिच्याकडेच पाहत होते.

"मागच्या बोटीने विचारलं तेव्हा…" मी म्हटलं.

"त्या बोटीवर पण माणसं होती, टॅमसिन. त्यांच्याही बायका कुठेतरी खिडकीशी उभ्या असतील. माझा आहे म्हणून थांबा, असं मी कसं सांगू."

"आणि पुन्हा अशी वेळ आली तर?"

"तेच सांगेन," म्हणाले. "त्यानंतर जगायचं कसं ते मात्र मला माहीत नाही."

मी दार लावलं.

ठाऊक नव्हतं म्हणाले असते तर मी लावलं नसतं. हे मला दार लावल्यावर कळलं. आत येऊन पुन्हा कणकेला हात घातला, ती हाताला चिकटायला लागली. मोराग विचारत होती, कोण होतं. तेवढ्यात बाहेर खरवडल्यासारखा आवाज सुरू झाला. मला वाटलं नगरपालिकेची माणसं असतील. मग मागच्या दाराने मिसेस कोमो आल्या.

"तुझ्या पायऱ्यांवर एक ॲडमिरल बर्फ उपसतोय," म्हणाल्या. "तुझ्या झाल्या, आता माझ्या करतोय. तुला नको असेल तर मला दे."

मी खिडकीतून पाहिलं. कोट कठड्यावर टाकून बाबा फावड्याने पायऱ्या साफ करत होते. जमत नव्हतं त्यांना. दोन फावडी टाकली की कंबरेला हात. जाणारे-येणारे खलाशी थांबून बघत होते, आणि एकजण त्यांना फावडं कसं धरायचं ते शिकवत होता. ते लक्ष देऊन ऐकत होते.

मी दार उघडून म्हटलं, "पुरे आता. सूप गार होतंय." सूप चुलीवरही नव्हतं.

मोरागने त्यांना विचारलं, तू कोण. ते म्हणाले, तुझ्या आईचा बाबा. ती म्हणाली, मग आईने दार का लावलं? "माझ्यावर रागावली आहे," म्हणाले. मोराग म्हणाली, मी पण रागावते, मग मला भूक लागते.

त्यानंतर बोटी जमेपर्यंत ते रोज दुपारी आले. माफीची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही. लग्नाची मात्र काढली. एके दिवशी बटाटे सोलताना म्हणाले, "कुठल्या रंगाचे कपडे घातले होतेस?" मी म्हटलं, निळे. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईनेही निळेच घातले होते. मी यायला हवं होतं." मी बटाटे उकळत टाकले. आत्या, मी त्यांना माफ केलं की नाही ते मला अजून सांगता येत नाही. पण दुपार झाली की मी खिडकीशी जाते, हे खरं आहे.

काल शेवटची दुपार होती; आज ते फक्त निरोप घ्यायला येतील. जेवण झालं, ते मर्डोच्या खुर्चीत शेगडीजवळ बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मोराग जमिनीवर खेळत होती. मी मोजे रफू करत होते. एकदम ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "मागे कोण राहिलं?"

मला वाटलं जागे आहेत. डोळे बंद होते. हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेले. पुन्हा म्हणाले, "मागे कोण राहिलंय?" हुकमाचा आवाज नव्हता तो. रस्ता चुकलेला माणूस अनोळखी घरात विचारतो, तसं विचारत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठले, त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कोणी नाही, बाबा," मी म्हटलं. "सगळे आले."

त्यांची बोटं हळूहळू सैल झाली. मोराग काही बोलणार होती, तिला मी खुणेनं गप्प केलं, आणि त्यांना जाग येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

तुझी,
टॅमसिन